थांग

वहीत लिहिलंय : एकोणीस मीटर.
सोमवारी एकोणीस, मंगळवारी एकोणीस,
ज्या गुरुवारी तो वर आला नाही
त्या गुरुवारीही एकोणीस.
एकच निळं पेन, एकच बैठक.
होडीत भरलेल्या वहीच्या एकाही पानावर
खाऱ्या पाण्याचा डाग नाही.

परवाना वीस मीटरचा होता.
एलिसेओ नावाचा पाणबुड्या, वय एकतीस,
चिलोए बेटाच्या दक्षिण टोकाला
सॅमनच्या पिंजऱ्यातून मेलेले मासे उचलायचा.
मेलेला मासा तळाशी जातो.
तळ किती खोल, ते वहीत नाही.

कंपनीच्या माणसानं मला कॉफी दिली.
म्हणाला, 'अनुभवी होता हो,
पण वर येताना घाई केली त्यानं.'
मी लिहून घेतलं.
मेलेल्यावर ढकललेली गोष्ट
परत ढकलायला तो येत नसतो.
हवा पुरवणारा कॉम्प्रेसर धुऊन, रंगवून ठेवलेला.
सहज हात लावला तर
बोटाला पिवळा रंग लागला.
इथं कुठंतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं,
आणि आपल्याच म्हणीची लाज वाटली,
त्या खाडीच्या काठावर.

त्याचा भाऊ हुवेनाल काही बोलला नाही.
शिसं बांधलेली दोरी घेऊन आला,
दर मीटरला एक गाठ,
आणि पिंजऱ्याच्या कडेनं सोडली.
आम्ही मोजत राहिलो.
विसाव्या गाठीला मी त्याच्याकडे पाहिलं,
तो पाण्याकडे पाहत होता.
सत्तावीस. अठ्ठावीस. पाऊस आडवा येत होता.
चौतिसाव्या गाठीला दोरी सैल पडली.

पंधरा मीटर समुद्र
कुणीतरी वहीतून गाळला होता.

मग आलिरो, एकोणीस वर्षांचा, कामाचा पहिलाच आठवडा.
त्याचा पहिला जबाब टंकलेला, सुबक,
त्यात 'तथापि' असा शब्द.
दुसरा जबाब त्यानं माझ्या गाडीत दिला, काचा बंद करून.
पाणबुड्याची दोरी त्याच्या हातात हवी होती.
मुकादमानं त्याला खाद्याची पोती उचलायला
पलीकडच्या तराफ्यावर धाडलं होतं.
दोरी एका कडीला बांधून तो गेला.
ती कडी मी पाहिली.
सगळं रंगवलं होतं त्यांनी, कडी विसरले.
गंजावर ताजी, चकचकीत घासलेली खूण,
खालून कुणीतरी पुन्हा पुन्हा ओढल्यासारखी.

अहवालाच्या नमुन्यात एक्केचाळीस रकाने आहेत.
उबेरलिंदाच्या प्रश्नाला त्यात जागा नाही.
चुलीत लाकूड सारता सारता, पाठमोरीच, तिनं विचारलं :
'दोरी ओढली होती का त्यानं?'

असं सांगायचं नसतं,
निकालाआधी तर मुळीच नाही.
मी म्हटलं, 'हो.'

ती खाली बसली. लोकरीचा एक मोजा
मांडीवर सरळ करत राहिली, बराच वेळ.
'म्हणजे घाई नव्हती ती,' म्हणाली.
'हाक मारत होता.'

उठून तिनं मला मुलाच्या वहीचं पान फाडून दिलं.
'तुमचं शिक्क्याचं येईल तेव्हा येईल.
मला आत्ता लिहून द्या. चौतीस मीटर. आणि दोरीचं.'
मी खिशातून पेन काढलं.
तिनं ते बाजूला सारलं,
'पेन्सिलीनं लिहा.
शाई पाण्यात टिकत नाही.'