सुटे पैसे

वुल्व्हरहॅम्प्टन. वाचनालयाच्या वरची खोली.
रेडिएटर आतून कुणी ठोकल्यासारखा वाजतो
आणि ताटलीत फक्त आल्याची बिस्किटं उरलीत.
आम्ही बारा समुपदेशक, शनिवारी, पदरची फी भरून
शिकायला आलोय,
कातडीच्या रंगावरून दुखावलेल्या माणसापुढे
बसायचं कसं.

लोर्ना शिकवते.
पस्तीस वर्षं याच गावात नर्स होती, मनोरुग्णांच्या वॉर्डात.
फळ्यावर काही लिहीत नाही.
तिघातिघांचे गट पाडते. एकानं बोलायचं,
एकानं ऐकायचं, एकानं नुसतं बघायचं.
माझ्या वाट्याला चिठ्ठी येते:
ऑस्बर्ट, वय एकसष्ट. पेट्रोल पंपाच्या गल्ल्यावर, रात्रपाळी.
काही गिऱ्हाइकं पैसे त्याच्या हातात देत नाहीत.
बावीस वर्षं.

मी ऑस्बर्ट होते. खुर्चीत थोडी घसरते.
"हात पुढे केलेला असतो हो मी," सांगते,
"आणि ते नाणं बाजूला ठेवतात."

ग्रेअम ऐकणारा. भला माणूस,
दाढीत बिस्किटाचा चुरा.
मान तिरकी करून अगदी मऊ आवाजात विचारतो,
"घाईत असतील का ते?
तुम्हाला खात्री आहे, रंगामुळेच की—"

लोर्ना हात वर करते.
रागावत नाही. म्हणते,
"ग्रेअम, तो जखम घेऊन आला.
तू पंचनामा मांडलास."

पंचनामा असं ती म्हणाली नाही अर्थात.
तिचा शब्द मी तेव्हाच विसरले,
कानात उमटला तो हा,
आणि त्याच्यामागून, न बोलावता,
सोलापूरच्या रेल्वे क्वार्टर्सचं मागचं दार.

यल्लव्वा झाडलोट संपवून
पायरीखाली उकिडवी. ओंजळ हनुवटीला लावलेली.
तांब्या माझ्या हातात, मी नऊ वर्षांची.
धार वरून धरायची. तांब्या खाली येऊ द्यायचा नाही.
आईनं शिकवलेलं.
मला ते कसब वाटायचं.
एक थेंब बाहेर सांडायचे नाही मी.

शाबासकी मिळायची.

ग्रेअम पुन्हा प्रयत्न करतो.
"बावीस वर्षं," एवढंच म्हणतो
आणि गप्प बसतो. बरा बसतो.
ती शांतता ऑस्बर्टसाठी होती.
मी तिच्यात काय करत होते?
माझा तळवा मांडीवर उताणा पडलेला, ठरवून नव्हे,
कोरडा.

ब्रॉनवेन बघणारी. तिनं वहीत लिहिलं:
क्लायंटचे डोळे भरले. भूमिका छान वठली.

चहाच्या सुट्टीत लोर्नाला सांगावं म्हटलं.
ती कपातली पिशवी चमच्यावर दाबून पिळत होती,
एकटीच, खिडकीशी.
ऐकलं असतं तिनं. ऐकण्यातच जन्म गेलाय तिचा.
म्हणून तर जीभ अडली.
माझं ते तिच्या ओंजळीत रिकामं करायचं,
हलकं होऊन बिस्कीट घ्यायचं,
तेही वरूनच ओतणं झालं असतं.
मी विचारलं, साखर हवी का.
नको म्हणाली. डायबेटिस.

सोमवारी साडेदहाला खरी क्लायंट येईल.
तिसरी भेट. अजून तिनं कोट काढलेला नाही.

बसस्टँडवरच्या दुकानात दुधाची बाटली घेतली.
पर्समध्ये खोलवर हात घालून सुटे पैसे शोधले,
मोजले, मूठ पुढे केली.
गल्ल्यावरचा पोरगा, पगडी घट्ट, डोळे झोपाळलेले,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"फक्त कार्ड."

बस चौदा मिनिटं उशिरा.
नाणी मुठीतच राहिली.
गरम झाली होती, आणि हाताला
लोखंडासारखा वास.