चार मिनिटं चाळीस

मी बारावी.
नऊ जणी मैदानात, तीन सतरंजीवर,
त्यातही मी कडेची.
इंडी सरांनी माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं,
दोरी तुटलेलं, सुतळीनं बांधलेलं,
म्हणून त्या वर्षीचा सगळा खो-खो
मला आकड्यांत आठवतो.

अकलूजला श्रीवाणी चिलवेरी: तीन मिनिटं दहा.
बार्शीला तीन पंचावन्न, अंगात ताप.
मंगळवेढ्याला पंचांनी मधेच घड्याळ कानाला लावून बघितलं,
त्यांना वाटलं, बंद पडलं.

वाणी अशोक चौकाच्या मागं राहायची.
खाली चार माग, वर दोन खोल्या,
टॉवेलांच्या गठ्ठ्यांतून जिना.
तिला शांततेत झोप यायची नाही.
बार्शीला शाळेच्या वर्गात उतरवलं होतं आम्हाला,
ही मध्यरात्री उठून बसली,
"काय बे हे, कानात कापूस घातल्यागत."
मग रेहाना नदाफनं बाकावर बोटं वाजवली,
खडाखडा, खडाखडा,
ती झोपेपर्यंत.

सकाळच्या सरावाला वाणी नसली
की सर नळाकडे बघायचे.
चौथ्या दिवशी पाणी येणार, आई विड्यांच्या सुपावर,
मग घागरी कोण भरणार?
सर काही बोलायचे नाहीत.
त्यांच्याही घरी त्याच वेळेला यायचं.

ती कशी पळायची, हे मला सांगता येत नाही.
वेगात रेहाना तिच्याहून पुढं.
वाणी तर पळतेय असं वाटायचंच नाही.
साखळीत निवांत, दोघी सोडून आत, दोघी सोडून बाहेर,
मागचीचा हात येऊ द्यायची,
येऊ द्यायची,
आणि खांदा नि कंबर यांच्या मधे कुठंतरी
असं काही फिरायची
की मागची पालथी, दातांत माती,
आणि ही खांबापाशी, वेणी नीट करत.
मागावरचा धोटा बघा कधी.
दिसतो तिथं तो नसतोच.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर, फेब्रुवारीत,
ऊन तरी मेमधलं.
समोर सांगोल्याच्या मुली, उंच, एकीलाही घाम नाही.
शेवटच्या डावात सरांनी वाणीला मागं ठेवलं,
तिसऱ्या तुकडीत.
आम्हाला वाटलं, सर फिरले.
पहिली तुकडी गेली. दुसरी गेली.
तिसरीतली रेहाना सूर मारून टिपली,
अश्विनी हत्तुरे घाबरून रेषेबाहेर.
आता एका गुणाची आघाडी, आणि आत एकटी वाणी.

मी बघत होते.
खरं सांगायचं तर फक्त बघत होते.
खो, खो, खो, आठ पाठी उठतायत, बसतायत,
चुन्याच्या रेषा पुसल्या गेल्या,
भिंतीवर चढलेली पोरं गप्प,
एकदा तिच्या ओढणीसारख्या बांधलेल्या नंबराच्या कापडाला
बोट लागलं, कापडालाच, की पाठीला?
पंचांचा हात वर गेला नाही.
शिट्टी झाली तेव्हा ती उभीच होती,
आणि माझ्या अंगठ्याखाली घड्याळ
शून्यावर.

"किती?" तिनं धापा टाकत विचारलं.
बाकीच्या ढालीभोवती नाचत होत्या.
नऊतून चार वीस वजा केले मी,
चार वीस हे अंदाजानं.
"चार चाळीस," म्हणाले.
"लिही मग."
लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं:
श्रावणी चिलवंत, नाबाद चार मिनिटं चाळीस सेकंद.
नाव चुकलं, आकडा माझा.
कॉलेजच्या फळ्यावर अजून पिवळ्या रंगात आहे तो,
दर वर्षी नव्या पोरींना सर दाखवतात,
आणि पोरी पळतात
त्याच्या मागं.

परवा साखर पेठेत भेटली. गुडघ्याला पट्टा,
पिशवीत शेंगाचटणी, बरोबर लेक.
मी तिथंच, रस्त्यात, सांगून टाकलं सगळं.
हसली. म्हणाली,
"पाच असतील बे.
मला तर लई वेळ वाटलं."