अग्निपडदा

पडदा लोखंडाचा. आग लागलीच
तर प्रेक्षक वाचावेत म्हणून टांगलेला.
आग कधी लागली नाही.
मध्यंतरात तो खडखडत खाली यायचा
आणि लिमेरिकचे लोक संत्री सोलत
त्याच्यावरच्या जाहिराती वाचायचे.

मी तो खरवडते आहे. दिवसाला चार बोटं.

सगळ्यात वर बिंगोचे निळे आकडे.
त्याखाली नुसता पांढरा:
सिनेमा आला तेव्हा नवं कापड घ्यायला पैसे नव्हते,
यालाच सफेदा फासून त्यावर घोडे पळवले.
पांढऱ्याखाली सिल्वेस्टर क्विर्क, रंगारी,
अक्षराला दोन पेनी.

कोळसेवाला. कॉर्सेटवाली मिसेस ट्रेही.
'अजिबात दुखत नाही' म्हणणारा दातांचा डॉक्टर,
त्याच्या अगदी तोंडावर संत्र्याचा जुना डाग,
कुणा बेसूर गवयाला मारलेलं, नेम चुकलेलं.

लष्करी गणवेश शिवणाऱ्या शिंप्यावर
एकवीस साली कुणीतरी रात्रीतून डांबर ओतलं.
डांबर निघेना.
क्विर्कने त्याला कान काढला, तोटी काढली,
किटली केली
आणि चहावाल्याकडून पैसे घेतले.

उजवीकडे खाली, काळ्या चौकटीत:
हार्टिगन आणि मुलगे. अंत्यविधीची सर्व व्यवस्था.
वर्गणी कधी थकली नाही. गॅलरी हमखास हसायची.

सतरा साली शेवटचं एक अक्षर बुजवलं.
इंग्रजीत तेवढ्याने अनेकवचन संपतं.
तेवीस साली उरलेलंही.
थोरला फ्लँडर्सच्या चिखलात,
धाकटा इथेच, नऊ मैलांवर, आपल्याच लोकांच्या गोळीने.
त्याची शवपेटी बापानेच ठोकली असणार.

क्विर्कची वही सापडली आहे.
किटलीचे पैसे आहेत, संत्र्याचा डाग पुसल्याचेही आहेत
(पुसला नव्हता).
या दोन खाडाखोडींचे नाहीत.
आणि रंग इतका पातळ, की दिवा तिरका धरला
तर खालची अक्षरं वर येतात.
असा हात त्याचा इतर कुठेही पडलेला नाही.

समिती म्हणते, बारा सालासारखा करा, उद्घाटनाला मंत्री येणार.
म्हणजे दोन्ही मुलं परत लिहायची,
सोनेरी, ठळक.

काल सोनेरी रंग कालवला.
संध्याकाळी झाकण लावून ठेवला.
आज पुन्हा किटलीपाशी बसले आहे,
तिची तोटी थोडी उडाली आहे,
आधी तेवढी करते.