अडतीस सेंटिमीटर

दार सरकवलं की आधी बर्फ आत येतं, मग गिऱ्हाईक.
असाहिकावात जानेवारीचा हा शिरस्ताच.
मुरोईसान बूट आपटत आले,
रात्रभर रस्त्यावरचं बर्फ सारून.
हातमोज्यांना डिझेलचा वास.
म्हणाले, रोजच्या वापराला एकच लेन्स द्या.
बदलायची भानगड नको,
केबिनचं दार किलकिलं झालं तरी सेन्सरवर पाणी,
आणि बोटांची आधीच लाकडं झालेली.

त्यांची जुनी, अठरा-दोनशे,
मी हातात धरली, मान खाली केली,
तर नळी आपोआप घरंगळत बाहेर आली.
अशा लेन्सला मी म्हणते,
एक ना धड, भाराभर चिंध्या.
त्यांना म्हटलं नाही.

दोन मांडल्या काउंटरवर.
चोवीस-सत्तर, उजेडाला उदार, वजनाला जातं.
चोवीस-एकशेपाच, उजेड जरा हात राखून देते,
पण विळीसारखी, कांदा चिरा नाहीतर नारळ खवा.
ते आकड्यांकडे पाहत राहिले,
परक्या गावच्या वेळापत्रकाकडे पाहावं तसे.

मग मी म्हटलं, कार्ड द्या.
आपण कुठे उभे असतो ते आपल्याला आठवत नाही,
कॅमेरा मात्र फोटोमागे लिहून ठेवतो.

दोन हजार तीनशे चार.
जवळजवळ सगळे पस्तीस ते साठच्या आत:
नांगराचं पातं, त्यावर गोठलेला वर्तमानपत्राचा तुकडा.
दिव्याखाली थबकलेला कोल्हा.
हाताकेयामा नावाचा कोणी, तोंड उघडं टाकून झोपलेला.
बर्फाची टोपी घातलेलं कॉफीचं मशीन, वेगवेगळ्या दिवशी,
टोपी दरवेळी थोडी उंच.

आणि दोनशेवर, अकरा.
अकराही एकाच मैदानाचे.
पुढची जाळी विरघळून धुकं झालेली,
पलीकडे एक लाल टोपी.
धावताना. स्की बांधताना.
शेवटच्या तिनांत नुसती फाटकाशी,
कुणाची तरी वाट पाहत,
फोटो काढणाऱ्याची नाही.

हिशेबाने अकरा म्हणजे काहीच नाही,
अर्धा टक्कासुद्धा नाही.
हिशेबच सांगायला बसले होते मी,
म्हणून गप्प राहिले.
मग खालच्या कप्प्यातून सत्तर-तीनशे काढली,
त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता म्हटलं,
तुम्हाला लांबचं लागतं.

त्यांनी तिला हातही लावला नाही.
चोवीस-एकशेपाचची कडी फिरवत विचारलं,
ही जवळून किती जवळ घेते?
अडतीस सेंटिमीटर.
म्हणजे समोर बसून कुणी रामेन खात असेल तर?
वाफेसकट येईल.
दुकानात उजेड कमी असला तर?
खिडकीजवळ बसा.

थोडं थांबून ते त्या कडीलाच म्हणाले,
पुढल्या महिन्यापासून. दुसरा रविवार. दोन तास.
कोर्टाचा कागद आलाय.

रामेनच्या दुकानातलं टेबल केवढं असतं
हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.
मी टेप काढली, काउंटर मोजला, पंचावन्न.
मी पलीकडे बसले, दोन पेन्सिली काड्यांसारख्या धरल्या,
नसलेल्या वाटीवर वाकले.
त्यांनी फोटो काढला.
नाक बटाट्याएवढं आलं.
चोवीसवर नको, म्हटलं, पन्नासवर आणा.
मुलींना नाक मोठं आलेलं आवडत नाही.
पुन्हा काढला. मग आणखी एक.
सहाव्या वेळी त्यांचा हात कापायचा थांबला,
की मीच तसं ठरवलं, कोण जाणे.

पैसे सुट्टे मोजून दिले. जुनी लेन्स ठेवून गेले.
बाहेर त्यांच्या पावलांवर लगेच बर्फ बसायला लागलं,
स्वतःच्या वाटेचं ते कधी सारत नसावेत.

जुन्या लेन्सला चिठ्ठी बांधायची आहे.
लिहिलंय: काच स्वच्छ. नळी घरंगळते.
रबर एकाच जागी झिजलेलं, दोनशेपाशी.
किमतीची ओळ
अजून कोरी आहे.