दोन्ही एकदम मरत नसतात

सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरला,
हिरवा दिवा लागला, बारीक बीप झाला,
आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ:
डिस्क सापडत नाही.

दोन आहेत की आत, मी त्याला म्हणाले.
जुनीत अकरा वर्षांचे काठ,
नवीत जुनीची नक्कल, मी शहाणी म्हणून ठेवलेली.
माल आणि शहाणपण, दोन्ही एकाच डब्यात.

वडगावात आमच्या गल्लीत सकाळपासून माग बोलतात.
त्या खडखडाटात बंद केला, चालू केला,
देव आठवून बंद केला, न आठवता चालू केला.
मग एफ-टू दाबून निळ्या खोलीत गेले.
पहिलं पोर्ट: काही नाही.
दुसरं पोर्ट: काही नाही.
तारीख बरोबर, वेळ बरोबर.
म्हणजे आज वार कोणता ते याला ठाऊक,
घरात कोण राहतं तेवढं ठाऊक नाही.

सुळेभावीहून इराण्णांचा फोन:
"डिझाइन आय्तेनु, अक्का?"
"आग्तद री, संजीक आग्तद."
खोटं बोलायला मला कन्नड सोपं जातं.

टिळकवाडीच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
दोन्ही गेल्या असतील, ताई,
पुण्याला पाठवू, बारा हजार, गॅरंटी नाय.

तेव्हा आप्पा उठले.
उद्यमबागेत एकतीस वर्षं टर्नर, डावा कान तिथंच राहिला.
सासऱ्या-सुनेचं आमचं बोलणं
चहा, गोळी, दार लावलीस काय, एवढंच.
त्यांनी डब्याचे स्क्रू काढले,
निघाले त्या क्रमानं ताटलीत मांडले.
"काय करुलाय, आप्पा?"
उत्तर नाही.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या पाठीवर,
मूठ डाव्या कानामागच्या हाडावर,
डोळे मिटलेले.
"चालू कर."

पंखा फिरला. आप्पा ऐकत राहिले.
"ही फिरत नाही."
टोक दुसरीवर.
"ही पण नाही."
मी जमिनीवरच बसले.
ते मात्र खूश झाल्यासारखे.
"पोरी, दोन बेअरिंगं एका दिवशी जात नसतात.
दोन्ही थांबलीत नव्हं? मग पट्टा बघायचा."

पट्टा म्हणजे एक लाल-पिवळी वायर.
नवी डिस्क बसवली त्या उन्हाळ्यात
पन्नास रुपयांच्या जोडणीनं
एकाच शेंड्याला दोघी बांधलेल्या.
तिच्या तोंडाशी प्लास्टिक वितळून
काहिलीच्या कडेला गूळ लागतो तसं तपकिरी.
मी रोज त्याच्या शेजारी बसून काम करत होते.
वास आला होता. मला वाटलं, शेजारचा माग तापला.

डब्याच्या कोपऱ्यात, रबरबँडात गुंडाळलेली,
कुणी कधी न वापरलेली आणखी एक वायर होती.
आप्पांनी ती सोडवली, दोघींना लावली,
आणि करंट गेला.

सगळ्या गल्लीतले माग एकदम गप्प.
एवढी शांतता की ताटलीतला स्क्रू घरंगळलेला ऐकू आला.
मला. त्यांना नाही.
"काय असतंय यात?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.
"काठ."
"कसले?"
इरकलीचे, करवतीचे, इराण्णांचे मोर.
थोडं थांबून म्हणाले, आईंच्या लुगड्याचा पण.
ते विरलं तेव्हा भिंग लावून उतरवला.
"तारा मोजल्यास?"
"दोनशे चाळीस."
त्यांनी मान हलवली,
माप जुळलं की टर्नर हलवतो तशी.

साडेपाचला करंट आला.
टोक डिस्कवर, मूठ हाडावर.
"हं," आप्पा म्हणाले.
मग दुसरी. "हं."
पडद्यावर दोन ओळी, अक्षरं आणि आकडे,
कंपनीनं ठेवलेली ओबडधोबड नावं.
मी ती दोनदा वाचली, मोठ्यानं.

इराण्णांना फोन लावला. "आय्तु री."
या वेळी खरं, पण कन्नडच आलं तोंडात.

झाकण बसलं. एक स्क्रू उरला.
आप्पांनी तो उजेडात धरला, आटे बघितले,
शर्टाच्या खिशात टाकला,
आणि चहा मागितला.