तीन बोटं

बेक्कीनकेरेच्या अंगणवाडीची पाटी कन्नडात.
तिच्याखाली खडूनं मी मराठी लिहिते,
पुसलं गेलं की पुन्हा लिहिते.
आत सत्तावीस पोरं
आणि अठ्ठाविसावा भरमू,
टेबलाखाली.

दोन्ही भाषांत गप्प.
मल्लव्वा म्हणते, बा मगा. मी म्हणते, ये बाळा.
तो डब्याचं झाकण फरशीवर फिरवतो
आणि झाकण थांबेपर्यंत
त्याला कुणी हाक मारलेलीच नसते.

त्याची आई रताळी काढायला जाते.
नखांत लाल माती घेऊन दाराशी उभी राहिली :
"घरातच ठेवू काय ह्याला, बाई?
लोकं म्हणतात, सौंदत्तीला नवस बोल."
म्हटलं, बोल की नवस, कोण नको म्हणतंय.
पण साडेनऊला इथं आणून सोड.

ट्रेनिंगला एक दिवस बेळगावात नेलं होतं.
चहा चांगला होता.
पडद्यावर निळ्या-पिवळ्या खोल्या, मऊ गालिचे,
एकेका पोरामागं एकेक बाई.
मी वहीत लिहून घेतलं : गालिचा.
आमच्याकडं चटई आहे, कडेनं उसवलेली,
आणि मल्लव्वा.

मग मी बघत बसले.
पहिले दोन महिने एवढंच केलं.
कुकरची शिट्टी झाली की
तो कान दाबून भिंतीत शिरायला बघायचा,
असा किंचाळायचा
की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची.
आपल्याला ती शिट्टी.
त्याच्या कानात कुणी खिळा ठोकत असेल
तर कोण सांगणार?
तो तर सांगत नाही.

कुकर बंद ठेवता येत नाही, भात शिजायला पाहिजे.
म्हणून वाफ सुसू लागली की
मी त्याच्यासमोर जाऊन बसायची,
तीन बोटं वर.
एक मिटायची.
दुसरं.
तिसऱ्याला शिट्टी.
पहिल्या दिवशी शिट्टी दुसऱ्याच बोटावर आली
आणि तो माझ्या हाताला चावला.
वण आहे अजून, बांगडीच्या वर.
मल्लव्वानं हळद लावली
आणि कुकरला कन्नडातून शिव्या दिल्या,
भरमूला नाही.

हळूहळू शिकलो आम्ही, मी आणि कुकर.
रताळ्यांचा हंगाम संपता संपता
तो तिसऱ्या बोटाच्या आधी
आपणहून कान झाकायला लागला.
म्हैस बसून राहिली.

बाकीच्या पोरांना कुणी शिकवलं नाही.
वाफ सुसली की सगळ्यांचे हात वर,
हुंदऱ्यांची शरयू तर झोपेतसुद्धा.

तपासणीला साहेब आले तेव्हा
भरमू टेबलाखालून हललाच नाही.
फॉर्मात रकाना होता : मातृभाषा.
मी मराठी लिहिलं. आईची तीच ना.
पुढचा रकाना : बोलतो, बोलत नाही.
"नाही वर खूण करा, मॅडम." गाडी सुरूच होती बाहेर.
मी केली.
तिसरा रकाना नव्हता.

सोमवारी सुमय्या आली, नवीन.
आईच्या ओढणीचं टोक सोडेना,
रडून रडून उचकी लागलेली,
आणि तिची भाषा तिसरीच.
आई गेली. शेगडीवर वाफ सुसायला लागली.

टेबलाखालून भरमू बाहेर आला.
तिच्याकडे न बघता,
तिच्या शेजारच्या भिंतीकडे बघत
त्यानं तीन बोटं वर केली.
एक मिटलं.
दुसरं.

शिट्टी झाली.
सुमय्या दचकलीच,
पण रडायचं विसरून त्या उरलेल्या बोटाकडे बघत राहिली.
तो परत टेबलाखाली गेला,
झाकण फिरायला लागलं.

"नोडु," मल्लव्वा म्हणाली, हातात ताटं तशीच.
मी बघतच होते.
दोघींनाही गॅस बारीक करायचं सुचलं नाही,
त्या दिवशी भात खाली लागला.