सातवी पसंती

शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रेषांवर
टेबलं मांडलेली. सोमवारची पहाट, तीन वाजलेले.
अकरावी फेरी.
कठड्याला रेलून पक्षांचे हिशेबनीस
जांभया देतायत. त्यांच्या पेन्सिली
शनिवारीच बोथट झाल्या.
मी रबरबँड सोडते, गठ्ठा उलगडते.

आमच्याकडे कागद पेटीत एकदाच पडतो
पण एका जागी बसत नाही.
पहिला बाद झाला की दुसऱ्याच्या दारात,
दुसरा पडला की तिसऱ्याच्या,
आणि जो आधीच निवडून बसलाय
त्याला वळसा घालून पुढे.
मत बदलत नाही.
चालत राहतं.

तर हा एक कागद.
एक : अ‍ॅट्रॅक्टा मॅक्मॉरो,
फिरत्या वाचनालयाची गाडी वाचवायला उभी राहिलेली.
पहिल्याच फेरीनंतर बाद.
दोन : तो दाढीवाला मास्तर. तोही गेला.
तीन आणि चार कालच कोटा ओलांडून
खांद्यांवर बसून हॉलभर मिरवले.
पाच, नर्स. मध्यरात्री पडली,
पडल्यावर सगळ्यांना चहा आणून दिला.
सहा आत्ता पडला.
आणि सातच्या चौकटीत
खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा गिरवलेलं
मॅलकी गिल्हूलीच्या फोटोशेजारी
एक सात.
पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटायचाच राहिलाय.
सातच्या पोटातून आडवी रेघ,
एक आणि सात यांची गफलत नको म्हणून.

ती रेघ मला ठाऊक आहे.
डेअरीच्या दुधाच्या वहीत बत्तीस वर्षं
रोज सकाळी ती रेघ पडत होती.
माझ्या शाळेच्या फीच्या पावतीमागेही आहे.

गिल्हूली. बांधापलीकडचा.
एकोणीस वर्षं आमच्या घरात हे नाव
जेवणाच्या टेबलावर घेतलं जात नाही.
त्याच्या चराचं पाणी आमच्या कुरणात शिरतं,
त्याच्या बायकोच्या अंत्यविधीला बाबा गेले
पण फाटकाच्या बाहेर उभे राहिले, टोपी हातात घेऊन,
पावसात.
आठवी चौकट कोरी आहे.
आठवा म्हणजे खाणवाला शॅन्ली,
ज्याला आमची टेकडी पोखरायची आहे.

किती वेळ बसले असतील त्या आडोशामागे,
दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेऊन?
सहापर्यंत सोपं होतं.

मी शपथ घेतली आहे. मी काही पाहिलेलं नाही.
कागद गिल्हूलीच्या ढिगात ठेवला,
अंगठा ओला केला, पुढचा उचलला.

मग पुन्हा मोजणी. मग तिसऱ्यांदा.
सकाळी सातला अधिकारीणबाईंनी घसा खाकरून सांगितलं :
कोटा पूर्ण न करताच
शेवटच्या जागेवर मॅलकी गिल्हूली.
कुणी खांद्यावर घेतलं नाही.
तो एका खुर्चीवर बसून राहिला,
बुटांची नाडी बांधत, जी सुटलेली नव्हती.

घरी आले तर बाबा पाव कापत होते.
"कोण आला शेवटी?"
सांगितलं.
"कितीने?"
"तीन मतांनी."
सुरी पावात अर्ध्यावर थांबली.
मी कोट टांगत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.
"लोक मूर्ख आहेत," ते म्हणाले,
आणि पावाचं कडेचं टोक, जे ते कुणाला देत नाहीत,
माझ्या बशीत सरकवलं.

मग खिडकीशी गेले.
बांधाखालून पाणी येतच होतं.
"चराची तक्रार," पाठमोरेच म्हणाले,
"आता कुणाकडे करायची असते?"
"आपल्या कौन्सिलरकडे, बाबा."
बराच वेळ काही नाही.
किटली उकळून बंद झाली.
मग ड्रॉवर उघडण्याचा आवाज,
कागद शोधतानाची खसखस,
आणि पेन्सिलीला टोक काढणारी,
कुरकुरत फिरणारी ती जुनी सुरी.